रस्ता फोडायचा नाही

शाळेच्या फाटकासमोर डांबरावर ब्रेकची एकही खूण नव्हती. मी वाकून नीट पाहिलं. रस्ता त्याच पावसाळ्यानंतर नव्याने केलेला, काळाभोर. तरी चाक घासलं की अशा डांबरावरही खूण उठते. ती बाकीच्या डांबरापेक्षा चकचकीत असते आणि गाडी जिथे थांबते तिथे सर्वांत गडद होते. तशा खुणा पुढे पोपट दराडेच्या कांदाचाळीसमोर एकीवर एक पडलेल्या होत्या. फाटकासमोर मात्र सांडलेले कांदे होते आणि रोहिणी मेंगाळची एक चप्पल होती.

"मॅडम, उठा आता. लोक बघतायत," सांगळे सर म्हणाले.

"सर, विलासने ब्रेक मारलाच नाही."

"पोलीसपाटलांनी लिहून घेतलंय. ब्रेक मारूनही गाडी आवरली नाही, असं."

"मग खूण कुठे आहे?"

सरांनी रस्त्याकडे पाहिलं नाही. "आपण शिक्षक आहोत, मॅडम. आपलं काम अर्ज करणं. तो मी आजच करतो. तुम्ही चप्पल तेवढी आत ठेवा. तिची बहीण ती बघून रडतेय."

मी चप्पल उचलली आणि आत गेले.

याला आता बरीच वर्षं झाली. हिवरदरीची ती शाळा चौथीपर्यंतची. दोन खोल्या, दोन शिक्षक: सांगळे सर मुख्याध्यापक, आणि मी. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, मग डी.एड. केलेलं. लग्न होऊन याच गावात आले आणि नंतर बदलीही इथेच मिळाली. शाळा रस्त्याच्या वरच्या अंगाला, मेंगाळांची वस्ती खालच्या अंगाला. वस्तीतली पोरं रोज रस्ता ओलांडून येत. रस्ता खराब होता तोवर त्यात कुणाला काही वाटलं नाही, कारण खड्ड्यांमुळे सगळ्याच गाड्या बैलगाडीच्या चालीने चालत. मग तो रुंद झाला, गुळगुळीत झाला आणि वळणावरून गाड्या नुसत्या सुटू लागल्या. त्यात कांद्याचे दिवस. बाजार समितीत जो आधी पोचेल त्याचा लिलावात आधी नंबर, म्हणून लाल कांदा निघाला की सकाळी पिकअपवाल्यांची शर्यत लागते. ती वेळ आणि आमची शाळा भरायची वेळ एकच.

रोहिणी दुसरीत होती. रस्ता कसा ओलांडायचा हे वर्गात मीच शिकवलं होतं. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा, मग सरळ चाला, पळू नका. तिने तंतोतंत तसंच केलं. मी व्हरांड्यातून पाहत होते. दुसऱ्यांदा उजवीकडे बघून ती निघाली तेव्हा रस्ता रिकामा होता. पिकअप वळणामागे होती. विलासने ऐनवेळी स्टेअरिंग ओढलं म्हणून ती चाकाखाली आली नाही. मागच्या फाळक्याचा कोपरा लागून फेकली गेली. मांडीचं हाड मोडलं.

पिकअपमधले कांदे आमचे होते. म्हणजे माझ्या सासऱ्यांचे. रोहिणीच्या आईने, चंदाने, आमच्या खळ्यात बसून त्यांची पात कापली होती.

त्या संध्याकाळी गावातल्या पोरांनी फाटकासमोर दगड आणि मुरूम टाकून एक गतिरोधक केला. ओबडधोबड होता, पण त्याच्यापुढे ट्रकसुद्धा जवळजवळ थांबायचा. मला वाटलं, झालं, इतकं सोपं होतं तर आधीच का नाही केलं. दोन दिवसांनी मी दुसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत असताना बाहेर घरघर ऐकू आली. बांधकाम विभागाचा जेसीबी आला होता.

"कुणी सांगितलं हे काढायला?" मी विचारलं.

बरोबरचा मुकादम सभ्य माणूस होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "बाई, हे विनापरवाना आहे. राज्यमार्गावर असं करता येत नाही. एखादा मोटारसायकलवाला पडला तर जबाबदार कोण?"

"आणि एखादं पोर उडालं तर?"

"त्याचा पंचनामा वेगळा होतो," तो म्हणाला. तो टिंगल करत नव्हता. खरंच वेगळा होत असावा.

शाळेमागचं गटार उपसायला आम्ही किती दिवस एक यंत्र मागत होतो ते मला आठवलं. गतिरोधक काढायला मात्र ते न मागता आलं होतं, आणि चहा होईपर्यंत काम उरकलंही. परत जाताना जेसीबी पोपट दराडेच्या चाळीसमोर मंदावला, हळूच खाली उतरला, हळूच वर चढला आणि निघून गेला.

तिथे चारी होती. आमच्याकडे ज्याची विहीर रस्त्याच्या एका अंगाला आणि वावर दुसऱ्या अंगाला, तो रात्रीतून रस्ता आडवा फोडतो, पाईप टाकतो आणि उजाडायच्या आत वरून मुरूम लोटून मोकळा होतो. गाड्यांनी मुरूम दबतो आणि रस्त्यात आडवा खळगा राहतो तो कायमचा. परवानगी कुणी मागत नाही. विभागही कुणाला विचारत नाही. पोपटच्या म्हशी त्या चारीवरूनच रस्ता ओलांडत, रवंथ करत, मान न वळवता.

मला ते काही केल्या पचेना. उंचवटा केला तर तो काढायला सरकारचं यंत्र येतं, आणि खळगा केला तर तेच यंत्र त्यातून बेताने जातं. गाडीचा वेग दोन्हीमुळे सारखाच कमी होतो. मग फरक कशात आहे? मी हे सांगळे सरांना विचारलं.

"फरक असा की पोपटराव पंचायत समितीच्या सभापतींचे व्याही आहेत," सर हळू आवाजात म्हणाले.

"बाकीच्या चाऱ्या? शेळक्यांची? वाघचौऱ्यांची? ते कुणाचे व्याही आहेत?"

सरांनी थोडा विचार केला. "ते कुणाचेच नाहीत. पण पाण्याचं काम असतं ना, मॅडम. पाण्याला कोण नाही म्हणणार?"

वस्तीतली पोरं शाळेत यायची बंद झाली. एकट्या रोहिणीच्या घरचीच असं नाही, सगळीच. अर्धा वर्ग रिकामा. मी संध्याकाळी वस्तीवर गेले. चंदा दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली होती. रोहिणीजवळ तिचा बाप थांबला होता. धाकटी यमुना, पहिलीतली, दारात बसून शेंगा निवडत होती. मला बघून तिने शेंगांची पाटी मांडीवर घेतली, जणू मी ती काढून घेणार होते.

"यमुना शाळेत येत नाहीये," मी म्हटलं.

"न्हाई येणार," चंदा म्हणाली. ती कपड्यांची घडी घालत राहिली.

"वर्ष जाईल तिचं."

"जाऊ द्या. पाय तर राहतील."

"चंदा..."

"बाई, एक इचारू? तुम्ही शिकवलं तसंच केलं ना रोहिणीनं?"

"हो."

"ती म्हणली मला, आई, मी समदीकडं बघितलं. मला वाटलं, मार चुकवायला खोटं बोलतीय. दवाखान्यात झोपलेल्या पोरीवर वरडले मी."

"खरं बोलली ती. मी बघत होते."

चंदाने घडी खाली ठेवली. "मंग आता काय शिकवणार तुम्ही यमुनाला?"

शेजारच्या ओट्यावर तिची चुलत सासू तंबाखू मळत बसली होती. ती म्हणाली, "पोरांची नावं पोपटरावाच्या गोठ्याच्या पटावर घाला की बाई. त्याच्या म्हशी रोज सुखरूप जात्यात, सुखरूप येत्यात."

दोघीतिघी हसल्या. मी हसू शकले नाही. घरी येईपर्यंत माझ्या कानाच्या पाळ्या गरम होत्या. मी फारशी बोलणारी नाही. वर्गातसुद्धा आवाज चढवत नाही. पण त्या दिवसांत मला रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी, ती चालवणारा प्रत्येक माणूस वैरी वाटू लागला होता, आणि त्यातले बरेचसे माझ्याच विद्यार्थ्यांचे बाप होते.

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणे. नाना कहांडळ. ते पूर्वी सरपंच होते आणि हा रस्ता त्यांनी आणलेला. रस्त्यासाठी त्यांनी आपलं वावर मधोमध चिरून दिलं. विहीर वरच्या तुकड्यात राहिली, शाळेच्या कुंपणाला लागून. खालचा तुकडा पलीकडे गेला, वस्तीच्या बाजूला, आणि तेव्हापासून तो कोरडवाहू झाला. लोक म्हणत, नाना, एका रात्रीचं काम आहे, मारा चारी. नानांचं उत्तर ठरलेलं: रस्ता फोडायचा नाही. सगळ्या गावात रस्त्याला कुदळ न लावलेला पाणीवाला शेतकरी बहुधा तेवढाच. विभागाचे लोक इतरांना त्यांचं उदाहरण देत. मलाही या घरात सून म्हणून आल्याचा अभिमान वाटायचा तो अशाच गोष्टींमुळे.

अपघात झाल्यापासून नाना दर दुसऱ्या दिवशी दूध घेऊन दवाखान्यात जात. गाडी आपल्या कांद्याची होती, म्हणून त्यांना लागलं असेल, असं मी धरून चालले होते. जेवण कमी झालं होतं त्यांचं. माझे पती नाशिकला नोकरीला, शनिवारी येत. त्यामुळे आठवडाभर घरात नाना आणि मी दोघंच. मी वस्तीवरून आले त्या दिवशी त्यांना वाढलं आणि समोर बसले.

"नाना, खालच्या वावराला पाणी न्यायचं अजून मनात आहे का?"

"मनात असून काय उपयोग? रस्त्याखालच्या मोरीतून न्यायचं तर लांबचा वळसा पडतो, पाण्याला दाब राहत नाही. तूच मागं गणित करून सांगितलं होतंस."

"सरळ नेलं तर राहील. विहिरीपासून खालच्या वावरापर्यंत सरळ रेघ काढली तर ती शाळेच्या फाटकासमोरून जाते."

त्यांचा घास हातात राहिला. मग त्यांनी तो ताटात ठेवला.

"पाण्यासाठी म्हणतेस की पोरांसाठी?"

"पोरांसाठी."

"मग तसं सरकारकडं मागू. रीतसर. बांधकामचे खैरनार साहेब येणार आहेत पाहणीला."

"रस्ता रुंद झाला तेव्हापासून सर अर्ज करतायत."

"म्हणून चोरी करायची?"

"सगळं गाव करतं, नाना. कुणाला कुणी हटकत नाही."

"सगळं गाव करतं म्हणूनच मी केली नाही." ते आवाज न वाढवता बोलत होते. "या रस्त्यासाठी किती उंबरे झिजवले मी, तुला ठाऊक नाही. त्या वेळी बाळंतपणाला बाई न्यायची तर पोळ्याच्या चिखलात बैलगाडी रुतायची. माझ्या बापानं राखलेलं वावर मी स्वतः आखून दिलं. भाऊबंद म्हणाले, वेड लागलं याला. आता त्याच रस्त्याला मी कुदळ लावू?"

"रोहिणीचा पाय..."

"तिचं नाव घेऊ नको."

ताट अर्धं टाकून ते उठले. मला वाटलं, या माणसाला पोरीपेक्षा डांबर प्यारं आहे. इतके दिवस मी रस्ता फोडणाऱ्यांवर चिडत होते, त्यांना म्हशींसाठी जमतं ते माणसांसाठी का नाही म्हणून. आता रस्ता न फोडणाऱ्यावर माझा त्याहून जास्त संताप झाला. त्यांच्या सरळपणाचा मान त्यांना मिळत होता आणि त्याचा भुर्दंड वस्तीतली पोरं भरत होती. हात धुऊन ते माजघराकडे निघाले, तेव्हा त्यांच्या पाठीला उद्देशून मी जे बोलले तसं त्या घरात पूर्वी कधी बोलले नव्हते.

"बरोबर आहे तुमचं, नाना. रस्ता धड राहिला पाहिजे. पोरं काय, मोडली तरी दुसरी येतात."

ते वळले नाहीत. आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

खैरनार साहेब चार दिवसांनी आले. ते विभागाचे शाखा अभियंता, आमच्या भागातले रस्ते त्यांच्याकडे. सांगळे सरांनी मुलांना फाटकाशी रांगेत उभं केलं होतं. सरांच्या हातात सत्काराचा नारळ, टोपी, गुलाबाचं फूल. चंदाला मी बोलावून आणलं होतं. पंचनाम्यावर सही घ्यायची म्हणून विलासही आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. नाना प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी घरात त्यांच्याशी त्या दिवसापासून कामापुरतंच बोलत होते.

वळणावरून पांढरी जीप आली. सरांनी फुलाचा हात वर केला. जीप आमच्यासमोरून तशीच सुसाट निघून गेली. दराड्यांच्या चाळीसमोर, चारीपाशी, तिचे ब्रेक करकरले. तिथे ती थोडा वेळ थांबली, मग वळून परत आली. पोरं खो खो हसायला लागली.

"गप्प बसा रे," सर म्हणाले. त्यांचं स्वतःचं तोंड कसनुसं झालं होतं.

खैरनार तरुण होते, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मऊ. "सॉरी हं गुरुजी. शाळा लक्षातच आली नाही. बोर्ड नाही का लावलेला?"

बोर्ड होता. 'पुढे शाळा आहे, वाहने सावकाश चालवा.' त्याच्यावर तालुक्यातल्या कुठल्याशा युवा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला होता. वाढदिवस होऊन ऋतू पालटला होता.

"फ्लेक्स काढला का नाही?" मी सरांना आधीच विचारलं होतं. "कार्यकर्त्यांना वाईट वाटेल," असं त्यांचं उत्तर होतं. आता ते म्हणाले, "आहे साहेब, बोर्ड आहे. थोडा झाकला गेलाय."

व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. चहा आला. खैरनारांनी अर्जांचा गठ्ठा चाळला आणि बाजूला ठेवला.

"अडचण अशी आहे की राज्यमार्गावर सहसा आम्ही गतिरोधक देत नाही. त्याने वाहतुकीचा वेग कमी होतो."

"तोच उद्देश आहे," मी म्हटलं.

ते हसले. "मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"यात भावना नाहीत. वळणापासून फाटकापर्यंतचं अंतर तुम्ही आत्ताच पाहिलंत. तुम्हाला थांबता आलं नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं."

"ते मला माहीत आहे."

खरंच माहीत होतं. ते इंजिनिअर होते. कदाचित माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. मी बशी खाली ठेवली. ज्याला माहीत नाही त्याला शिकवता येतं. माहीत असणाऱ्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"प्रस्ताव मी समितीपुढे ठेवतो," खैरनार म्हणाले. "वर्दळीची मोजणी होईल, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय येईल, मग बघू. तोवर पालकांनीही काळजी घ्यायला हवी." त्यांनी चंदाकडे पाहिलं. "ताई, एवढ्या लहान लेकरांना असं एकटं सोडू नये. हात धरून सोडायला यायचं शाळेत."

"साहेब, तुमाला हापिसात सोडायला डायवर हाये," चंदा म्हणाली. "शाळा भरती तवा मी कांद्यावर असते. कांदा थांबत न्हाई."

सर घाईने म्हणाले, "चंदाबाई, साहेबांना असं..."

"असू द्या गुरुजी," खैरनार म्हणाले. ते खरंच रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "आता बघा, रस्त्यात काहीच दोष नाही. रस्ता उत्तम आहे. चूक सरळसरळ ड्रायव्हरची आहे. काय रे, एवढी कसली घाई होती तुला?"

विलास पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. "नंबर जात होता, साहेब."

"नंबर गेला असता तर आभाळ कोसळणार होतं?"

विलासने मान वर केली, नानांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला ते जाणवलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. माझं सगळं लक्ष खैरनारांकडे होतं.

"साहेब, पोपट दराड्यांची चारी विनापरवानाच आहे ना?" मी विचारलं.

"आता तो विषय इथे कुठे..."

"आहे की नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मॅडम, कायद्याने बघितलं तर आहे. पण तो शेतकऱ्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. पीक जळत असतं त्याचं. आम्हीही शेतकऱ्यांचीच पोरं. अशा ठिकाणी मानवी दृष्टिकोन ठेवावा लागतो."

वर्गातून पहिलीची पोरं पाढे म्हणत होती.

"मंजी," चंदाने सावकाश विचारलं, "कांदा सुकाया लागला तर रस्ता फोडलेला चालतो?"

"ताई, ते वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

"चहा घ्या साहेब, गार होतोय," सांगळे सर म्हणाले.

"विलासला मी फोन केला होता," नाना म्हणाले.

ते इतक्या साध्या आवाजात बोलले की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. खैरनार म्हणाले, "काय नाना?"

"त्या सकाळी. गाडी गावातून निघाली तेव्हा. दराड्याची पिकअप पुढं गेलेली मी ओट्यावरून बघितली, म्हणून फोन लावला. म्हणालो, पोपट पुढं गेला, तू काय वरातीत निघालास का? दाब जरा."

"नाना, राहू द्या," विलास म्हणाला. त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. पोलीसपाटलांनाही नाही.

"का राहू दे? तू बोलला नाहीस म्हणून मी इतके दिवस गप्प राहिलो. मी 'दाब' म्हणालो आणि यानं दाबली. फोन चालूच होता." नाना थांबले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आवाज मी ऐकला. पोरीचा."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या रात्रीचं ताट, लोटलेलं दार, तिचं नाव घेऊ नको म्हणताना झालेला चेहरा. मी त्यांच्या पाठीला काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. ते परत घ्यावं असं मात्र मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

चंदा उभी राहिली होती. ती म्हणाली, "तुम्ही दूध आणायचे, नाना. रोहिणी वाट बघायची तुमची."

"हो."

"मी म्हणायचे, मालक असावा तर असा."

नानांनी तिच्याकडे पाहायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तेव्हा यमुनाकडे पाहिलं. ती आईचा पदर धरून आली होती आणि पहिलीच्या दारातून आत डोकावत ओठांनी पाढे म्हणत होती.

खैरनार खाकरले. "नाना, तुमच्यासारख्या माणसाने असं मनाला लावून घेऊ नये. धंद्यात माणूस म्हणतोच, लवकर पोच. हा रस्ता तुम्ही आणलात. तुमच्यामुळे या भागाचं भलं झालं. एवढं वावर कोरडं ठेवलंत पण रस्त्याला धक्का लावला नाहीत. आम्ही सगळीकडे तुमचं उदाहरण देतो."

"आता देऊ नका," नाना म्हणाले.

"म्हणजे?"

नाना उठले. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले. त्यांच्या मागोमाग आम्ही सगळेच गेलो. खैरनार, हातात नारळ तसाच घेतलेले सांगळे सर, विलास, चंदा. वळणावरून एक भरलेली पिकअप आली आणि आमच्यासमोरून वाऱ्यासारखी गेली. चंदाने यमुनाला मागे ओढलं. नाना जागचे हलले नाहीत.

"साहेब, ती माझी विहीर," त्यांनी हात केला. "आणि पलीकडं ते माझं वावर. पीक जळतंय माझं. तुम्हाला लिहून घ्यायचं असेल तर लिहून घ्या, पंचनामा करायचा असेल तर पंच घेऊन या. उद्या दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत, मी पाईप टाकतोय. इथून. या फाटकासमोरून रस्ता फोडतोय मी."